बाटल्यांच्या गळ्यातल्या गाठी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वाआठला सुधीर सरांचा फोन आला. सुधीर सर म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजचे पर्यवेक्षक. मी तिथून रसायनशास्त्राची विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यांनी मला दोनदा फोन केला असेल, आणि दोन्ही वेळा निरोप समारंभाचं आमंत्रण होतं.

"मॅडम, कलावतीने लॅबला कुलूप लावलंय."

"मग उघडायला सांगा."

"चावी देत नाही. दारात बसलीये. अकराला बारावीची प्रॅक्टिकल आहे, बाहेरचे परीक्षक शहाडहून निघालेसुद्धा. म्हणते, सुहासिनीबाई आल्याशिवाय हलणार नाही."

मी म्हटलं, तुम्ही चुकीच्या कलावतीबद्दल बोलताय. ही कुलूप लावून बसणारी बाई नव्हे.

कलावती आमची लॅब अटेंडंट. डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठी मोठागाव आहे, तिथल्या कोळ्यांच्या घरातली. तिचा नवरा नामा आमच्याकडे शिपाई होता. तो काविळीने गेला आणि त्याच्या जागी ही आली, चोवीस वर्षांपूर्वी. पहिल्या दिवशी पदर खोचून म्हणाली, "काय धुवाचा हाय ते दाखवा." त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही एका लॅबमध्ये काढली. मी उपकरण मागायच्या आत ती हातात द्यायची. मुलांनी फोडलेल्या काचेचा आवाज ऐकून, मागे न बघता सांगायची, "टेस्ट ट्यूब. जाऊ दे." किंवा, "पिपेट! कोन तो मुडदा?" तिने स्वतः पंधरा वर्षांत दोन बीकर फोडले. मी सतरा.

तिची एकच खोड मला लागायची. माझ्या अक्षराला नावं ठेवायची. मी बाटल्यांची लेबलं लिहून दिली की चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून म्हणायची, "काय बाई, कोंबडीचे पाय! वाचा बरं काय लिवलाय." मी वाचायची, ती चिकटवायची. दर वेळी. मी चाळिशी उलटल्यावर चारेघी वही आणून अक्षर सुधारायला बसले होते, ते केवळ हिच्या टोमण्यांनी. घरी सगळे हसले होते.

रिक्षा करून गेले. दुसऱ्या मजल्यावर लॅबच्या दाराला पाठ टेकून कलावती बसलेली, चावी पदराच्या गाठीत. समोर रसिका, म्हणजे आताची विभागप्रमुख, बत्तीसेक वर्षांची, हुशार मुलगी. रागाने लाल झालेली. सुधीर सर कुलूप तोडायला माणूस बोलवायच्या गोष्टी करत होते.

"दहा मिनिटं द्या," मी म्हटलं, "आणि दोघंही खाली जा."

ते गेले. माझे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, म्हणून मी कॉरिडॉरमधलं स्टूल ओढलं. "बोल. काय तमाशा आहे हा?"

"बाई, बाटल्या चुकल्यात."

"कुठल्या?"

"काल भरल्या त्या. पोरांच्या टेबलावरच्या. किती चुकल्या ते मना सांगता येत नाय."

"चुकतील कशा? प्रत्येक बाटलीवर लेबल आहे. छापील."

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मना वाचता येत नाय."

मी हसले. अगदी खरं सांगते, हसले. वाटलं, छापील इंग्रजी वाचता येत नाही म्हणते, किंवा चष्म्याचा नंबर वाढला. म्हटलं, "अगं, मराठी लेबलं लावायला सांगू."

"बाई, कायच येत नाय. मराठी पन. सही सोडून एक अक्षर नाय."

पंधरा वर्षं! ज्या बाईच्या हातात मी सल्फ्युरिक अ‍ॅसिडची बाटली डोळे झाकून दिली, जिच्या भरवशावर शंभर-शंभर मुलं बर्नर पेटवून सोडली, तिला बाटलीवर काय लिहिलंय हे कधीच कळत नव्हतं. आणि लगेच दुसरं डोक्यात शिरलं. माझ्या अक्षरात काहीही वाईट नव्हतं. "वाचा बरं" म्हणजे खरोखरच "वाचा" होतं.

"मग इतकी वर्षं तू बाटल्या ओळखत कशा होतीस?"

"गाठींनी."

आता मला ते धागे आठवले. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला ती जाळ्याचा नायलॉनचा धागा बांधायची. मला वाटायचं, ओल्या हातातून बाटली निसटू नये म्हणून. मी कौतुकही केलं होतं एकदा मीटिंगमध्ये! धाग्याला एक गाठ म्हणजे हायड्रोक्लोरिक, दोन म्हणजे सल्फ्युरिक, तीन म्हणजे नायट्रिक. गाठ साधी असेल तर सौम्य, वर फास असेल तर तीव्र. कॉस्टिक सोडा निळ्या धाग्याचा. अंधारात हात लावून ओळखता येईल अशी पद्धत, आणि ती माझ्या नाकासमोर फळीवर लटकत होती.

पुढचं तिने भराभरा सांगितलं. शनिवार-रविवार ती खडवलीला, बहिणीच्या मुलीच्या हळदीला. इकडे परीक्षक येणार म्हणून रसिकाने लॅब झाडून काढली. मळके धागे सगळे कापून टाकले, लहान-मोठ्या सगळ्या बाटल्यांना नवी छापील लेबलं लावली आणि फळ्यांवरची जुनी जागा बदलून एबीसीडीच्या क्रमाने मांडणी केली. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही तेच केलं असतं. सोमवारी कलावती आली तर गाठी नाहीत. विचारायचं कोणाला? विचारलं असतं तर चोवीस वर्षांचं बिंग फुटलं असतं. ऑक्टोबरात तिची निवृत्ती, आठ महिने उरलेले. तिने फळीवरची जुनी जागा आठवून वीस मुलांचे वीस संच भरले.

"मग आज कळलं कसं?"

तिने पदराची दुसरी गाठ सोडली. आत तिसऱ्यांचे शिंपले. खाडीत मिळतात ते, खाऊन उरलेले, धुतलेले.

"ह्याच्यावर थेंब टाकाचा. हायड्रोक्लोरिक असला तर शिंपला फसफसत ऱ्हातो, संपंपरेंत. सल्फ्युरिक पयला फसफसतो आनि मंग गप बसतो. कॉस्टिकला कायच होत नाय. मी रोज बघते. आज बघितला तर सल्फ्युरिकच्या रांगंतला फसफसतोच हाय, थांबंना."

मी एम.एस्सी. आहे. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सल्फ्युरिक टाकलं की वर जिप्समचा थर बसतो आणि क्रिया थांबते, हे मी तीस वर्षं शिकवलं. शिंपला घेऊन कधी बघितलं नाही.

"अगं, मग झालं की! शिंपल्याने ओळख आणि बदल बाटल्या."

"आत काय हाय ते मना कळतो, बाई. वर काय लिवलाय ते नाय कळत. कशात काय बदलू?"

त्या दिवशीचं टायट्रेशन पोटॅशियम परमँगनेटचं होतं. त्यात सल्फ्युरिकच्या जागी हायड्रोक्लोरिक पडलं तर परमँगनेट त्यालाच खात बसतं आणि वीसच्या वीस मुलांची रीडिंग कचऱ्यात जातात. बारावीचे मार्क. आणि पिपेटने घ्यायच्या द्रावणाच्या जागी कॉस्टिक असेल तर? हजारदा ओरडलं तरी दोन मुलं रबरी फुगा बाजूला ठेवून तोंडानेच पिपेट ओढतात. त्यांची जीभ भाजली असती.

भीती ओसरायच्या आत मला राग आला. मी आवाज चढवला. "तू फॉर्मवर चौथी पास लिहून दिलंस! सरळ खोटं! चौथी पास असल्याशिवाय तुला लॅब मिळाली नसती, झाडू मिळाला असता."

"मी नाय लिवला."

"मग कोणी लिहिलं?"

"तुमी."

"मी?"

"हापिसात. नामा जाऊन तेरा दिवस जालेले. तुमी फॉर्म घेऊन बसलेला, तास होता तुमचा, घंटा वाजली. तुमी विचारला, 'कितवी?' मी बोलले, चौथी."

"मग?"

"मी चौथी, बाई. मोठी हौसा, मंग शालू, मंग जना, मंग मी. मना वाटला, बहिणींत कितवी ते विचारता."

मी स्टुलावरून उठले आणि परत बसले. मला तो दिवस आठवला. चेहरे नाही, शब्द नाहीत, पण ती घाई आठवली, कारण ती घाई माझी नेहमीचीच आहे. 'शिक्षण किती झालं?' एवढं सरळ विचारायला दोन सेकंद जास्त लागले असते. मी 'कितवी?' म्हटलं, 'चौथी' लिहिलं, खाली साक्षीदार म्हणून सही ठोकली आणि तासावर पळाले. दाखला नंतर आण म्हणाले असेन. तो कोणी कधी मागितला नाही, कारण खाली माझी सही होती.

"नंतर कळलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"कळला तवा लॅबचा काम येत होता."

मी चावी मागितली, तिने दिली.

पुढच्या दोन तासांत जे केलं ते कोणत्याही केमिस्टने केलं असतं. संशयातली बाटली ठेवायची नाही. सगळ्या रिकाम्या केल्या, भरपूर पाणी सोडून ओतल्या, डिस्टिल्ड वॉटरने विसळल्या. मी रसिकाला वर बोलावलं आणि एवढंच सांगितलं की बाटल्या मिसळल्या आहेत, पदर खोच. तिने जीन्स घातली होती. तरी कामाला लागली. मी लेबल वाचत होते, कलावती भरत होती, रसिका प्रत्येक संचातला एकेक नमुना तपासत होती. बेरियम क्लोराइडचा थेंब टाकला की सल्फ्युरिकमध्ये दुधासारखा पांढरा साका येतो, तशी.

मी दहावं लेबल मोठ्याने वाचलं तेव्हा रसिकाचा हात थांबला. तिने कलावतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुम्ही वाचून का दाखवताय?"

मी अकरावं लेबल वाचलं. ती मुलगी हुशार आहे, म्हटलं ना. "ते धागे..." एवढंच म्हणाली आणि पांढरी पडली. "मी कापले. मी कचऱ्यात टाकले."

"परमँगनेट भर," मी म्हटलं. "रडायचं असेल तर चारनंतर."

परीक्षा सव्वाअकराला सुरू झाली. मुलांना काही कळलं नाही. कलावती नेहमीसारखी बाकांमधून फिरत होती आणि एका मुलीच्या कानाशी जाऊन म्हणाली, "ब्युरेटच्या टोकाला बुडबुडा हाय, आधी काढ." बाहेरचे परीक्षक मला म्हणाले, तुमचा स्टाफ फार तयारीचा आहे हो. मी पाणी प्यायले.

सुधीर सरांना लेखी खुलासा हवा होता. मी तो तिथेच बसून लिहिला, खरा. कलावतीला म्हटलं, मी लपवणार नाही, पण पहिलं नाव माझं असेल. ती मग म्हणाली, "लिवा. मी शिकले नाय असा लिवा. मी खोटा बोलले असा लिवू नका. गप बसले, असा लिवा."

तसंच लिहिलं.

पुढच्या सोमवारी संस्थेने बैठक लावली. बँकेतून निवृत्त झालेले एक विश्वस्त, सुधीर सर, रसिका आणि मी. प्रश्न एकच होता: या बाईला ऑक्टोबरपर्यंत लॅबमध्ये ठेवायचं, की आजच काढायचं. विश्वस्तांनी टेबलावर ट्रेभर सामान मागवलं होतं. मला ते बघूनच संताप आला. चोवीस वर्षं काम केलेल्या बाईची तोंडी परीक्षा! पण कलावती शांत उभी होती.

"हे काय?" त्यांनी बीकर उचलला.

"बीकर. ओताला, ढवलाला, तापवाला. ह्याच्या रेघांवर माप घेऊ नका, साहेब. त्या रेघा म्हंजे आमी बाजारात मासली डोल्यानी जोखतो तसा. माप पायजे तर तो उभा सिलिंडर घ्या."

"आणि हे?"

"ब्युरेट. खाली तोटी हाय. थेंब थेंब सोडाचा, आनि किती सोडला ते वरनं वाचाचा. पानी मधी खोलगट दिसतो, त्याची खालची कड धराची. पन परमँगनेट असला तर वरची, कारन जांभल्यात खालची दिसत नाय."

मी रसिकाकडे बघितलं. हे बारावीच्या निम्म्या मुलांना येत नाही.

"हा पिपेट. एकच माप घेतो, नेमका. शेवटचा थेंब टोकात ऱ्हातो, तो ऱ्हावाचाच असतो, फुंकाचा नाय. ह्या पिपेटमधला ह्या फ्लास्कात घ्याचा. फ्लास्कची मान बारीक, म्हनून गरगर फिरवला तरी सांडत नाय. ही लांब मानेची, एकाच रेघेची, ती तापवाची नाय. रेघेपरेंत पानी घालून द्रावन बनवाला. ही तिवई, वर तारेची जाली. जाली नसली तर ज्योत एकाच जागी लागते आनि काच तडकते."

विश्वस्तांनी एक खोलगट काच उचलली. "ही बशी कशाला?"

"बशी नाय ती. वॉच ग्लास. झाकाला, नायतर चिमूटभर पावडर जोखाला. चहा पिऊ नका त्यात."

सुधीर सर खोकले. विश्वस्त आता जरा वरमले होते. त्यांनी जाड काचेचं मोठं झाकणाचं भांडं ओढलं आणि झाकण उचलायला लागले. निघेना.

"उचलू नका, साहेब! सरकवा. डेसिकेटर हाय. आत ओल लागू नये म्हनून कडेला ग्रीस लावलाय. उचलाल तर भांड्यासकट वर येल आनि पडंल."

त्यांनी सरकवलं. निघालं. मग ते सिलिंडर तिच्यापुढे धरून, आवाज बारीक करून म्हणाले, "यावर काय लिहिलंय?"

"ते नाय येत, साहेब."

त्यांनी सिलिंडर खाली ठेवला, सुधीर सरांशी दोन मिनिटं कुजबुजले आणि निर्णय सांगितला. ऑक्टोबरपर्यंत कलावती लॅबमध्येच राहील. प्रत्येक संच भरल्यावर रसिका तपासून सही करेल. सुहासिनी मॅडमच्या सहीबद्दल संस्था लेखी नापसंती कळवेल. माझं काय, मी नापसंतीचं पत्र फ्रेम करून लावीन. मला एवढं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली.

तिने पदर पुढे घेतला, गाठीतली चावी सोडली आणि टेबलावर ठेवली.

"मना लॅब नको, साहेब."

"अहो, पण ठरलं ना आता! काही झालंसुद्धा नाही."

"जाला नाय. पन त्या दिशी सात वाजता मी शिंपला बघितला. मना कळला. तरी मी पंधरा मिनटं बसून ऱ्हायले. इचार करत व्हते, ठेवू तशाच. कोनाला कळनार नाय, कोन चुकला. पोरांची परीक्षा जाईल, माजा ऑक्टोबर येल. पंधरा मिनटं. घड्याल बघत व्हते."

रसिकाने तोंडावर हात ठेवला. ही, मुलांच्या हातातून तापलेली नळी झडप घालून काढून घेणारी बाई. तिच्या डोक्यात हे येऊ शकतं, हे मला खरंच वाटेना. आणि ते तिने स्वतःहून, सगळं मिळाल्यावर, चार माणसांत सांगावं?

"मग काय करणार तुम्ही आठ महिने?" विश्वस्तांनी विचारलं.

"गेटवर टाका. तिथं लेबलं नसतात. पोरांची तोंडं असतात, ती मना येतात."

मी तिला जिन्यात गाठलं. "वेडी आहेस का तू? तू कुलूप लावलंस ना शेवटी? ते नाही का मोजायचं?"

"तुमी मोजा, बाई. मना ते पंधराच दिसतात."

"मूर्खपणा आहे."

"असंल."

खाली सकाळचे वर्ग सुटले होते. ती माझ्यापुढे दोन पायऱ्या उतरली आणि कठड्यावरून वाकून एका पोरावर ओरडली, "ए केसवाल्या! आयकार्ड खिशात नाय, गल्यात घालाचा असतो!"

तिच्या बदलीचा हुकूम अजून टाइपसुद्धा झाला नव्हता.